भिंतीतला पाटीचा तुकडा

धारहून महूकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला मुलींच्या शाळेची उंच दगडी भिंत लागते. ती भिंत मी बांधली. काळा दगड, चुन्याचे बारीक सांधे, नऊ हात उंची. आजही ओळंबा सोडून बघा, दोरी दगडापासून केसभर हलणार नाही. पण जाणारायेणारा हे बघत नाही. तो बघतो कडुनिंबामागचं ठिगळ. छातीच्या उंचीला, नारळाएवढं, पांढरं, फुगून तडकलेलं, आणि त्याच्या मधोमध पोरींच्या लिहायच्या पाटीचा काळा तुकडा रुतलेला. "इथे आल्यावर मिस्तरी कंटाळला असणार," असं लोक म्हणतात. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि एकदा म्हणणाऱ्याची टोपी उडवली आहे.

ते ठिगळ माझ्या हातचं नाही. कुणाच्या हातचं, हे मला कळायला अकरा वर्षं लागली, आणि तोवर मी एका बाईला नको नको ते बोलून बसलो होतो.

मी मूळचा देवासचा. देवासात एका गावाला दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या ह्या बाजूचं दुकान एका दरबारचं, समोरचं दुसऱ्या दरबारचं. आमचे वाडवडील दरबाराबरोबर दक्षिणेतून दगड घडवायला आले आणि इथेच राहिले. माझा बाप कुठे ओटा बांधायला गेला की दोन्हीकडचे शिपाई येऊन हद्द विचारायचे. त्यामुळे मला लहानपणीच एक सवय लागली. कुणी काम सांगितलं की मी आधी मनात विचारतो, ह्याची हद्द कुठवर आणि हा लपवतो काय. ह्या सवयीवर मी टोपलं उचलणाऱ्याचा मिस्तरी झालो आणि मिस्तरीचा ठेकेदार. कुणी मला हात दिला नाही. बोलण्यात मला कुणी हरवलंही नाही, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे.

ही शाळा काढणाऱ्या सिस्टर लोक, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, धारला आल्या तेव्हा दोन बैलगाड्यांत सगळं सामान मावलं होतं. दरबाराने त्यांना राहायला जुनी पागा दिली. घोड्यांच्या गव्हाणी तशाच होत्या. त्या गव्हाणींवर फळ्या टाकून पोरींची बाकं केली होती. पोरी म्हणजे संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात आईबाप गेलेल्या आठदहा, आणि गावातल्या दोन. पावसाळ्यात पागेत घोटाभर पाणी साचायचं आणि पोरी गव्हाणीत पाय वर घेऊन पाढे म्हणायच्या. पुढे दरबाराने महूच्या रस्त्याला माळ दिला आणि इमारतीचं काम निघालं. तीन ठेकेदार आले होते. दोघांनी त्यांच्या मुख्य बाईसमोर, मदरसमोर, हात जोडले. मी तिचा नकाशा मागितला.

नकाशा निळ्या कागदावर होता, कुठल्यातरी लांबच्या पाद्र्याने काढलेला. त्याने धार कधी पाहिलं नव्हतं हे मी एका नजरेत ओळखलं. छप्पर इतकं उतरतं की बर्फ घसरावा, आणि प्रत्येक खोलीत शेकोटीचं धुराडं.

मी म्हटलं, "मदर, यहाँ चैत में आदमी भुट्टे की तरह सिकता है. ये धुराड़ा किसके लिए?"

मदर उंच, हाडकुळी बाई. हिंदी छावणीत शिकलेली. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि सगळी धुराडी खोडली. मग म्हणाली, "मिस्तरी, तुम बहुत बोलता है. और क्या गलत है?"

मी पश्चिमेला कमानींची ओसरी घालायला लावली, म्हणजे दुपारचं ऊन वर्गात शिरणार नाही. छप्पर बसकं केलं, वर कवेलू, म्हणजे कौलं. मधे चौक, चौकात आधीपासूनची चिंच राखली. दोन बाजूंनी शाळा, तिसऱ्या बाजूला त्यांचं देऊळ, रस्त्याकडची बाजू मोकळी, आणि देवळामागे त्यांच्या राहायच्या खोल्या. ह्या खोल्यांपैकी एकीला नकाशात दारच नव्हतं. मी आठ दिवस त्या खोलीवर डोकं खाजवलं. माझा मुकादम माळव्यातलाच, तो म्हणाला, "भिया, इनमें कईं गाड़ेगा?" ह्यात काहीतरी पुरणार, असं मलाही वाटलं. शेवटी कळलं की तिला देवळाच्या आतून दार होतं. पूजेची भांडीकुंडी आणि झगे ठेवायची खोली. पण कळलं म्हणून माझ्या मनातलं गेलं नाही. उजव्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांच्या कडा माणसाच्या डोक्याच्या वर. राहायच्या खोल्यांकडे पुरुषाने एकदा काम संपवलं की परत पाय टाकायचा नाही. भेटायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी जाळी, माणसं ह्या बाजूला, पोरी त्या बाजूला. ती जाळी मदरला ऐसपैस भोकांची हवी होती. मी सांगितलं, बारीक ठेवा, मजबूत राहते. दोन बोटं जेमतेम जातील एवढी भोकं मीच ठेवायला लावली.

आणि मग भिंत. नकाशात सात हात होती. काम अर्ध्यावर आल्यावर मदर म्हणाली, नऊ हात करा.

"अंदर क्या छुपाना है?" मी विचारलं.

"लड़की लोग," ती म्हणाली, आणि हसली नाही.

नऊ हात कुणासाठी, हे मला दरबारातल्या एका कारकुनाने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. गावातल्या आमच्याच मोठ्या घरांनी कळवलं होतं की रस्त्यावरून हत्तीवर बसलेल्यालासुद्धा आमच्या मुली दिसता कामा नयेत, तरच पाठवू. म्हणजे ती उंची आमच्याच लोकांची होती. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की बाईला आणखी दोन हात भिंत हवी आहे आणि ती अडली आहे. अडलेल्या माणसाशी बोलायला मला आवडतं.

माझी मुलगी त्या वेळी नऊ वर्षांची होती. तिची आई प्लेगात गेली. देवासला माझी थोरली बहीण होती, ती पोरीला ठेवून घ्यायला तयार होती, पण वर्षभरात लग्न लावून देईन म्हणायची. एका बिजवराचं घर तिने बघूनही ठेवलं होतं. म्हणून मी पोरीला कामावर माझ्याबरोबर नेत असे. ती कडुनिंबाखाली दगडाच्या कपच्यांची घरं बांधत बसायची. ओळंबा धरायची. थर वाकडा गेला तर मुकादमाच्या आधी तिला दिसायचं. मोठ्या सांध्यात चुना भरताना मधे कपची ठोकायची, म्हणजे चुना घसरत नाही, हे तिने बघून बघून उचललं होतं. फक्त चुना विझवायच्या हौदाजवळ मी तिला कधी येऊ दिलं नाही. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, उडतो, डोळा जातो. तिकडे फिरकलीस तर तंगडी मोडीन, असं मी सांगून ठेवलं होतं.

पण पोरगी मोठी होत चालली होती, आणि गवंड्यांच्या शिव्या ऐकत ती मोठी व्हावी असं मला वाटत नव्हतं. मी मदरला सांगितलं, वरचे दोन हात मी बांधून देतो, त्याचं काही मागत नाही. माझी मुलगी ठेवून घ्या, शिकवा, राहू द्या. माझ्या तीन अटी. हिंदू मुलींच्या स्वयंपाकघरातच जेवेल. तुमच्या देवळात जाणार नाही. कपाळावरचं कुंकू राहील.

मदरने सगळं ऐकून घेतलं. "ठीक," ती म्हणाली. "हमारा एक शर्त. बाप रविवार को आएगा, जाली के बाहर बैठेगा. बाकी दिन नहीं."

मी हो म्हटलं. माझ्या तीन, तिची एकच. सौदा जिंकला म्हणून मी मुकादमाला जिलबी खाऊ घातली. भिंत पुरी होऊन फाटक बसलं, पोरगी ट्रंक घेऊन आत गेली, आणि फाटकाची कडी आतून लागली, तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. माझ्या पोरीच्या आणि माझ्यामधे नऊ हात भिंत होती, आणि वरचे दोन हात मी फुकट घातले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. उंच भिंत बांधताना वर उभं राहायला दोन्ही बाजूंनी लाकडांचा पाड बांधतात. त्या पाडाच्या बल्ल्या भिंतीतून आरपार घातलेल्या असतात. काम संपलं की वरून खाली येत एकेक बल्ली काढायची आणि भोक दगड-चुन्याने बुजवायचं, ही रीत. मी सगळी भोकं बुजवली. कडुनिंबामागचं एक ठेवलं. बाहेरून त्यात एक घडीव दगड नुसता सरकवून दिला, चुना न लावता. सांधा असा जुळवला की मुकादमालाही दिसला नाही. दगड ओढला की आत चौक दिसायचा, चिंच, आणि ओसरीचा तिसरा खांब.

मला एकच जाणून घ्यायचं होतं. मी पोरगी आत दिली ती माझी म्हणूनच मला परत मिळणार, की नाही. गावात लोक काय काय सांगत. पाणी शिंपडतात म्हणत. नाव बदलतात म्हणत. रविवारी जाळीआड बसून पोरगी सांगायची, "बरं आहे आबा, सगळं बरं आहे," आणि तिच्या मागे एक सिस्टर शिवण घेऊन बसलेली असायची. त्या 'बरं आहे'वर मी कसा विश्वास ठेवू?

धारात काम असेल त्या दिवशी मी दुपारची भाकरी खाऊन कडुनिंबामागे जायचो. पोरींची कवाईत दिसायची, शिवणाचा तास दिसायचा. माझी पोरगी नेहमी तिसऱ्या खांबापाशी बसलेली असायची. इतर पोरींच्या जागा बदलायच्या, तिची नाही. मला माझ्या जागेच्या निवडीचा अभिमान वाटायचा. भोक कुठे ठेवावं हे मला बरोबर कळलं, असं मी समजत होतो.

श्रावणातली गोष्ट. मी डोळा लावला आणि पाहिलं तर सिस्टर एकेका पोरीच्या गळ्यात लाल फीत घालत होती. माझ्या पोरीच्याही घातली. फितीच्या टोकाला काहीतरी चकाकत होतं. माझं डोकं फिरलं. मी दगडही नीट लावला नाही. धावत फाटकाशी गेलो, कडी वाजवली, भेटायच्या खोलीत शिरलो आणि मदर येताच ओरडलो, "मेरी लड़की के गले में क्या लटकाया? कुंकू की बात हुई थी! देऊळ की बात हुई थी!"

मदरने पोरीला बोलावलं. पोरगी आली, झंपरच्या आतून फीत ओढून काढली आणि जाळीला लावून धरली. बोटाएवढी कात्री होती.

"शिवणाची आहे, आबा. हरवू नये म्हणून सगळ्यांच्या गळ्यात बांधली."

मदर म्हणाली, "मिस्तरी, फीता अभी बाँधा. पाव घंटा हुआ. तुमको किसने बोला?"

"बाज़ार में सुना."

"बाज़ार बहुत जल्दी सुनता है," ती म्हणाली, आणि माझ्या उजव्या गालाकडे बघत राहिली. पोरगी खाली बघत होती. घरी येऊन आरसा पाहिला तेव्हा दाढीला हिरवं शेवाळ लागलेलं होतं. पावसाळी दगडाचं.

त्यानंतर दहाबारा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग गेलो. दगड ओढायला हात घातला तर दगड हलेना. आतून कुणीतरी भोक बुजवलं होतं. पुढच्या चार दिवसांत तो चुना फुगला, माझा घडीव दगड त्याने बाहेर ढकलून खाली पाडला, आणि ते ठिगळ भिंतीबाहेर आलं. तडकलेलं, पांढरं, मधे पाटीचा तुकडा.

मी चिडलो ते दोन कारणांनी. मदरने मला पकडलं, ठीक आहे, पकडलं. पण माझ्या भिंतीत दुसऱ्याचा हात? आणि तोही असा हात, ज्याला चुना विझवून मुरवावा लागतो एवढंही ठाऊक नाही? कच्चा चुना कोंबला की तो ओल धरून फुगणारच. माझी खात्री झाली की तिने महूचा एक ठेकेदार बोलावला आहे, ज्याची नजर आधीपासून ह्या कामावर होती. आणि तो पाटीचा तुकडा मला चिडवायला लावला आहे. शाळा आमची, तू बाहेरचा, असं.

रविवारची वाट पाहिली. जाळीपाशी बसलो. पोरगी आली ती हात पदराखाली घेऊन. मी म्हटलं, "हात दाखव." तिने दाखवला नाही. मी पुन्हा म्हटलं. तिने हात बाहेर काढले. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या, आणि चिंध्यांबाहेर बोटांवर फोड.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही. सुया टोचल्या."

"सुयांनी फोड येतात होय? मला शिकवतेस?"

मी उठून जाळीवर अशी थाप मारली की ती इकडून तिकडे थरथरली. खोलीत आणखी दोन घरची माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी मदरला म्हणालो की ती पोरींना छळते, माझ्या चुकीची शिक्षा माझ्या पोरीला देते, आणि लोक सांगतात ते सगळं खरं आहे. आणखीही बोललो. ते इथे लिहिणार नाही. भोक तुम्हीच बुजवलंत, असंही म्हणालो. म्हणजे भोक होतं हे मीच कबूल करून बसलो.

मदर पांढरी पडली होती. "भोक हमने नहीं भरा," एवढंच ती म्हणाली.

"झूठ."

"मिस्तरी, लड़की तुम्हारा है. ले जाओ. अभी ले जाओ. फाटक खुला है."

मी पोरीला म्हटलं, "चल. ट्रंक राहू दे. चल."

ती उभी होती. जाळीच्या बारीक भोकांतून तिचा चेहरा मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

"मी येत नाही, आबा."

दहा वर्षांची पोरगी. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच.

मी निघून आलो. पुढे देवळाला मनोरा बांधायचा होता, तो दुसऱ्याच ठेकेदाराला गेला. साहजिक होतं, पण मी तेही मदरच्या डावात जमा केलं. धार, देवास, महू, जिथे जाईन तिथे मी सांगत सुटलो की त्या बाईने माझी पोरगी फोडली, माझं काम नेलं आणि माझी भिंत नासवली. रविवारी मात्र मी जातच राहिलो. जाळीच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला पोरगी. ती काय शिकली ते सांगायची आणि मी हं हं करायचो. तिच्या कपाळावर कुंकू असायचं. ते मी दर वेळी आधी बघायचो.

ती तिथून शिकून बाहेर पडली आणि देवासला दरबारने काढलेल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. लग्नाचा विषय मी काढला की म्हणायची, "घाई काय आहे?" माझी बहीण कपाळाला हात लावायची. पोरगी माझ्याच घरी राहत होती. बोलायची, हसायची, मला वाढायची. पण 'मी येत नाही' हे मी तिला कधी विसरू दिलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी म्हणायचो, "तुझ्या मदरकडे बरं वाढत असतील." ती ऐकून घ्यायची.

एकदा तिच्या शाळेत उंदरांनी भिंतीला बीळ पाडलं. मी म्हटलं, माणूस पाठवतो. दोन दिवस जमलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच गेलो तर बीळ बुजवलेलं. मी वाकून बघितलं. चुना चांगला होता, मऊ, मुरलेला. अंगठ्याने दाबत दाबत भरला होता, आणि मधोमध फुटक्या पाटीचा तुकडा पाचरीसारखा ठोकला होता.

"हे कुणी केलं?"

"मी," पोरगी म्हणाली. मुलींच्या वह्या तपासत होती, मान वर केली नाही.

"पाटी कशाला?"

"चुना ओला असेपर्यंत आत घसरतो ना? मधे कपची हवी. इथे कपची कुठली? पाटी फुटलेली होती."

"आणि चुना मुरवायचा हे कुणी सांगितलं?"

"एकदा हात भाजले की कळतं, आबा."

तिने मान वर केली. मी अजून वाकलेलाच होतो. कंबर धरली म्हणून नव्हे, मला सरळ उभं राहायला सुचत नव्हतं.

"धारला..." मी म्हटलं.

"हो."

"तू?"

"ओसरीच्या दुरुस्तीला चुना आणून ठेवला होता. कळीचा. मला वाटलं, पाणी घातलं की झालं. तुम्ही हौदाजवळ कधी येऊच दिलं नाहीत."

"का पण? मी तुझ्यासाठीच..."

"सगळ्या पोरींना ठाऊक होतं, आबा. दुपारी तुमचा दगड सरकला की म्हणायच्या, आला गं तुझा डोळा! मला लघवीला उठायची लाज वाटायची. सिस्टर मला मुद्दाम तिसऱ्या खांबाशी बसवायच्या, तुम्हाला दिसावी म्हणून. म्हणायच्या, बाप आहे, बघू दे. त्यांना चालत होतं. मला चालत नव्हतं."

मी तिथल्या एका लहानशा बाकावर बसलो. माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

"मदरला माहीत होतं, तू बुजवलंस ते?"

"त्याच दिवशी. त्यांनीच खोबरेल लावून हात बांधले. मी त्यांच्याकडून वचन घेतलं की तुम्हाला सांगायचं नाही."

"आणि बदल्यात तिने काय घेतलं?"

पोरगी हसली. "तुम्ही हे विचारणार हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, पुन्हा तुझ्या बापाच्या भिंतीला हात लावायचा नाही. एवढंच."

"मी त्या दिवशी तिला काय काय बोललो..."

"मी ऐकत होते."

"आणि तू म्हणालीस, येत नाही."

"आत्याने बिजवर बघून ठेवला होता, आबा. तुम्ही मला रागाने नेलं असतंत तर कुठे ठेवलं असतंत? देवासलाच ना?"

उत्तर तिला ठाऊक होतं.

मदर त्याआधी दोन वर्षं तापाने वारली होती. त्यांच्याच आवारात तिला पुरलं. मला निरोप आला होता आणि मी गेलो नव्हतो. मी आजवर हजार सौदे केले असतील. समोरचा का गप्प बसतो हे मला बहुतेक वेळा ओळखता येतं; गप्प बसणाऱ्याला काहीतरी हवं असतं. ह्या बाईने माझ्या शिव्या खाल्ल्या, दोन घरच्या माणसांसमोर स्वतःला खोटं ठरवून घेतलं, आणि एका दहा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द पाळला. तिला त्यातून काय हवं होतं हे मी अजून शोधतो आहे. काही हवं नव्हतं, असं माझी मुलगी म्हणते. मला ते पटत नाही. पण शोधूनही काही सापडत नाही, हे खरं.

दुसऱ्या महिन्यात मी वर्षभर मुरवलेला चुना मडक्यात भरला, थापी घेतली आणि धारला जायला निघालो. ते ठिगळ खरवडून, घडीव दगड बसवून सांधा असा करणार होतो की शोधून सापडू नये.

पोरगी दारात उभी राहिली. "हात लावायचा नाही."

"लोक मला नावं ठेवतात! माझी भिंत आहे."

"भिंत तुमची. ठिगळ माझं."

मी म्हटलं, पाटीचा तुकडा तसाच ठेवतो, कडा तेवढ्या सारख्या करतो. ती नाही म्हणाली. नुसता फुगवटा उतरवतो. नाही. बरं, वरून वेल सोडतो, झाकलं जाईल. तेही नाही. माझा आवाज चढला. तिचा चढला नाही. मी मडकं खाली ठेवलं.

"मग मला काय मिळणार?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "ते तुमच्या हातचं नाही, हे तुम्ही सांगा. लिहून ठेवा हवं तर. पण नाव कुणाचं घालायचं नाही. माझं नाही, मदरचं नाही, शाळेचं नाही."

"आणि माझं?"

"तुमचंही नाही. तुमचं घातलंत तर माझं आपोआप कळेल."

मी आणखी ताणून बघितलं. अर्धा तास ताणलं. त्यापुढे ती एक पाऊल सरकली नाही. तेव्हा मी हो म्हटलं, आणि म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.